गाडीची चाकं पावडर कोटिंगला देण्याआधी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या ज्या प्लांटवर मी काम करते, तिथला रोजचा माल म्हणजे विजेच्या पॅनेलचे दरवाजे, केबल ट्रे, रॅक. सगळं पत्र्याचं काम. त्यातच अधूनमधून एखादा मुलगा गोणीत बाईकची चाकं घेऊन गेटवर येतो. "ताई, मॅट ब्लॅक मारून द्या, संध्याकाळी न्यायला येतो." गोणी उघडावी तर टायर चढवलेला, बेअरिंग आत, डिस्क जागेवर आणि रिमवर चेनच्या तेलाचा थर.

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर गनने मारायची आणि ओव्हनमध्ये वितळवून पक्की करायची, याला आम्ही पिकवणं म्हणतो. माझं काम मास्किंगचं, म्हणजे रंग नको त्या जागा झाकायचं, आणि हँगरवर माल टांगायचं. गनवाल्याच्या हातात जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, जाण्याआधी तो शेवटचा माझ्याच हातातून जातो. त्यामुळे चाकांचं काय काय बिघडतं ते मला बसल्या जागी दिसतं, आणि बहुतेक वेळा ते पावडरीमुळे बिघडलेलं नसतं. जॉबवर्कवाल्याला पत्रा कळतो. पत्र्याला बेअरिंग नसतं, ब्रेक नसतो, त्यावर ऐंशीच्या वेगाने कुणी बसलेलं नसतं. आपला जॉब चाक आहे हे आपल्याच तयारीतून त्याला कळायला हवं. हे लिहिते आहे ते घरी स्वतः चाक उघडणाऱ्यांसाठी आणि छोट्या गॅरेजवाल्यांसाठी.

आधी चाक रंगवण्याच्या लायकीचं आहे का ते बघा, आणि तेही ते गाडीवर असतानाच. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, फोर्कला किंवा स्विंगआर्मला एक तार बांधून तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने फिरवा. तार एका जागी घासते आणि दुसरीकडे लांब राहते, म्हणजे रिमला मार बसलेला आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर सरळ रिम सापडली तरच नवल. रिम सरळ करायची असेल तर कोटिंगच्या आधी करा, नंतर ठोकली की पावडर तडकते. मग भेग शोधा. जुना उपाय अजूनही चालतो: स्वच्छ केलेल्या जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. आरे जिथे हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, आणि रिमला मिळतात त्या कोपऱ्यांत नीट बघा. भेग निघाली तर ते चाक भंगारात घाला. त्यावर रंग चढला की भेग झाकली जाईल आणि पुढचा मालक त्याच चाकावर पोरं घेऊन फिरेल.

टायर काढायला पंक्चरवाल्याकडे जा, पण मशीनवाल्याकडे. हातोड्याने बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, तोडणारा रिमची कड वाकवतो. टायर उतरवण्याआधी तो कोणत्या दिशेने फिरतो तो बाण बघून घ्या. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व कापून टाका, तो परत वापरायचा नसतो. बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं काढा आणि त्यांच्याखालचा डिंक पेट्रोलने पूर्ण उतरवा. हा डिंक राहिला तर ओव्हनमध्ये जळतो आणि बरोबर त्या चौकोनात रंग फुगतो.

डिस्कच्या बोल्टांना कंपनीत थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावलेलं असतं. थंड असताना जोर लावलात तर अ‍ॅलनचं डोकं गोल होणारच. हॉट एअर गनने बोल्टाचं डोकं चांगलं तापवा, अ‍ॅलन की हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा आणि मग एका झटक्यात सोडवा. बोल्ट नवे घ्या. जुने मात्र टाकू नका, ते मास्किंगला लागतील.

आता बेअरिंग. बेअरिंग ठेवूनच कोट करा असं बरेच जण म्हणतात. तसं करू नका. ओव्हनमध्ये ग्रीस पातळ होऊन बाहेर गळतं, ऑइल सीलचं रबर कडक होतं, आणि त्याआधी ब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून जुना रंग उतरवण्याची, धूळ बेअरिंगच्या आत गेलेली असते. काढायची पद्धत अशी. आधी ऑइल सील मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटा. काही गाड्यांत त्याखाली सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग अडवणारी कडी, असते, ती काढल्याशिवाय एकही ठोका मारू नका. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तिला गॅरेजात स्पेसर म्हणतात. ती आडवी थोडी सरकते. स्क्रू ड्रायव्हरने तिला एका बाजूला ढकला म्हणजे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड उघडी पडते. अलॉय चाकाचा हब अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तो बाहेरून गरम करा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं की पुरे. अ‍ॅल्युमिनियम बेअरिंगच्या पोलादापेक्षा जास्त पसरतं, त्यामुळे बेअरिंगची पकड सैल होते. मग लांब ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची सळई, त्या कडेवर टेकवून ठोका, पण एकाच जागी नाही. एक ठोका इकडे, एक समोर. एका बाजूने ठोकलंत तर बेअरिंग तिरकं होऊन घर, म्हणजे ते बसायची जागा, खरवडत बाहेर येतं, आणि खरवडलेल्या घरात नवं बेअरिंग कधीच घट्ट बसत नाही. बाहेर आलेल्या बेअरिंगवरचा नंबर लिहून घ्या, ६३०१ किंवा ६२०२ वगैरे. नवं त्याच नंबरचं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या. स्पेसर नाव टाकलेल्या पिशवीत ठेवा. मागच्या चाकाचे कपलिंगचे रबरही काढायचे, ते भट्टीत गेले की गोळा होऊन येतात.

स्पोकच्या चाकांचं थोडक्यात सांगते, कारण ती आमच्याकडे कमी येतात. पूर्ण उघडावीच लागतात. उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि हबच्या कडेपासून रिमची कड किती आत-बाहेर आहे ते मोजून ठेवा. स्पोक आणि निपलला पावडर लावायची नाही, आटे जाम होतात. क्रोमच्या रिमवर पावडर धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत कागदासारखी सोलते. क्रोम आधी प्लेटिंगवाल्याकडून उतरवून घ्यायला हवं. त्यापेक्षा क्रोमच परत करून घेतलेलं बरं, असं माझं मत.

चाक आता उघडं झालं. ते धुवायचं, आणि हे काम मनापासून करायचं. चेनचं तेल डिझेलने सोडवा, मग डिटर्जंटचं गरम पाणी आणि ब्रश, मग साधं पाणी. पाणी ओतल्यावर चाकावर सलग पडदा राहिला तर चिकटपणा गेला. थेंब थेंब फुटले तर अजून आहे. सगळ्यात वाईट काय असतं तर टायर पॉलिश. त्यात सिलिकॉन असतं. ते रिमवर उडतं, साध्या साबणाने जात नाही, आणि पावडर वितळली की त्या जागी बारीक खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. चाकं द्यायची असतील तर महिनाभर आधीपासून टायर पॉलिश बंद करा. आमच्या लाईनवर हाताला क्रीम लावून यायला मनाई आहे ती याचसाठी. एकदा हे सिलिकॉन पावडर मारायच्या बूथमध्ये शिरलं की दुसऱ्याच्या मालालाही लागतं.

दिंडोरी, पिंपळगाव, ओझरकडून येणाऱ्या चाकांचं एक वेगळं दुखणं आहे. द्राक्षबागेत फवारणीच्या दिवसांत गाडी बांधाला उभी असते आणि बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, तिच्यावर उडत राहतं. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. रंगाचा टवका उडालेला असेल तिथे ते आत शिरतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पाडतं. वरून पुसलं तर चाक बरं दिसतं. टॉर्च तिरपा धरला की खड्ड्यात निळसर-हिरवट कण दिसतात. ते तसेच ठेवून कोटिंग केलं तर पावडरीखाली गंज चालूच राहतो आणि पुढच्या हंगामात रंगाला फोड येतात. अशी चाकं आधी भरपूर पाण्याने धुवा, ब्लास्टिंगनंतर परत टॉर्च लावून बघा आणि तो निळसर-हिरवट रंग दिसला तर त्या जागा पुन्हा ब्लास्ट करून घ्या.

जुना रंग काढायचे दोन मार्ग आहेत, रसायन किंवा ब्लास्टिंग. कॉस्टिक सोड्याच्या फंदात पडू नका. लोखंडी ग्रिलचा रंग त्याने सुंदर निघतो म्हणून लोक अलॉय चाकंही त्यात बुडवतात. अ‍ॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की फसफसून हायड्रोजन सुटतो, जो पेट घेतो, आणि चाक काळं पडून वरून झिजतं. झिजतं म्हणजे बेअरिंगचं घरसुद्धा मोठं होतं. तयार पेंट रिमूव्हर वापरायचा तर उघड्यावर, जाड रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. त्यातले काही प्रकार बंद खोलीत माणसाला बेशुद्ध करतात. बाथरूममध्ये हे काम करायचं नाही.

ब्लास्टिंग उत्तम, पण कशाने ते विचारा. आपल्या एमआयडीसीत ब्लास्टिंगवाल्यांकडे बहुधा लोखंडी कास्टिंगचं काम असतं आणि मशीनमध्ये स्टील शॉट, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्या, भरलेले असतात. त्याच मशीनमध्ये अलॉय गेलं की लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पहिल्या पावसात रंगाखालून तांबडे ठिपके उमटतात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी मागा, प्रेशर ३ ते ४ बारच्या वर नको आणि नोझल एका जागी धरून ठेवायला नको. नदीची वाळू मारणारा स्वस्त पडतो, पण ती धूळ फुफ्फुसात जाते आणि तिचा आजार बरा होत नाही. अशा ठिकाणी काम देऊ नका. तिथे जो पोरगा विनामास्क उभा असतो, त्याचाही विचार करा.

ब्लास्टिंगला देतानाच बेअरिंगची घरं आणि आट्यांची भोकं बंद करा. जुने बोल्ट आता कामाला येतात, ते हाताने पिळून बसवा. ड्रम ब्रेकचं चाक असेल तर आतल्या लोखंडी लायनरवर, जिथे ब्रेक शू घासतो, ब्लास्टिंगचा एक कणही लागता कामा नये. जुनी ब्रेक प्लेट शू काढून एक्सलमध्ये कसून बसवली की ड्रम झाकला जातो. भंगारात अशी प्लेट सहज मिळते. पलीकडच्या बाजूला जाड रबरी गोल आणि वॉशर लावा.

ब्लास्ट होऊन आलेलं चाक राखाडी, खरखरीत आणि एकसारखं दिसतं. इथून पुढे उघडा हात लावायचा नाही. सुती हातमोजे घाला. बोटाचा ठसा रंगाखाली तसाच राहतो, मी पाहिलेला आहे, रेषा मोजता येतात. उघडं अ‍ॅल्युमिनियम हवेत लगेच पुन्हा ऑक्साइडचा थर धरायला लागतं, त्यामुळे ब्लास्टिंग आणि कोटिंग एकाच दिवशी व्हावं अशी वेळ जुळवा. पावसाळ्यात तर सकाळी ब्लास्ट आणि दुपारी कोट, यापेक्षा जास्त अंतर नकोच. कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने प्रत्येक भोक, प्रत्येक आटा, व्हॉल्वची जागा फुंकून काढा. चाक उलटं करून थोपटा. अडकलेले कण पडताना आवाज येतो. तो थांबेपर्यंत फुंकत राहा, कारण तेच कण नंतर वितळलेल्या पावडरीवर किंवा नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतात.

कडेला फूटपाथ घासून झालेले ओरखडे असतील तर कानशीने उतरवा आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. गाडीच्या बॉडीची पुट्टी इथे चालत नाही, ओव्हनमध्ये ती फुगते किंवा सुटते. खोल खड्डा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग, तेही फक्त रिमच्या कडेला. आऱ्यावर किंवा हबवर वेल्डिंग नको.

मास्किंग. साधी कागदी टेप १८० अंशांत जळते आणि तिचा डिंक भाजून चिकटून बसतो. हिरवी पॉलिस्टर टेप किंवा तांबूस पॉलिइमाइड टेप लागते, भोकांना सिलिकॉनचे बूच. प्लांटवर हे सामान असतं, पण तुमच्या चाकाच्या मापाचं असेलच असं नाही. म्हणून टेप स्वतः लावून नेलेली उत्तम, पण प्री-बेक (पुढे सांगते) झाल्यानंतरच. टेप जागेपेक्षा मोठी लावा आणि नव्या ब्लेडने कडेवरून फिरवून कापा. नखाने कड दाबून बसवा, हातमोज्यातूनच.

काय काय झाकायचं, आणि का? पावडरीचा थर ६० ते ८० मायक्रॉन असतो. बेअरिंगच्या घरात तो दोन्ही बाजूंना धरला तर व्यास एका मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाने कमी होतो. बेअरिंग तिथे जातच नाही, आणि हातोड्याने घातलं तर लवकर मरतं. डिस्क जिथे टेकते ती बैठक कोरी हवी. तिथे पावडर राहिली तर डिस्क लपकते, ब्रेक दाबला की लिव्हर हातात थरथरते. शिवाय दाबाखाली पावडर हळूहळू बसते आणि बोल्ट आपोआप ढिले होतात. मागच्या स्प्रॉकेटची बैठक, ऑइल सीलची जागा, ड्रमचा लायनर, एबीएसची रिंग बसते ती जागा, सगळे आटे: यातल्या एकावरही पावडर नको. टायरचं बीड बसतं तिथे पातळ, एकसारखा थर चालतो. जाड ओघळ मात्र नको, ट्यूबलेस तिथूनच हवा सोडतो.

टांगायची जागाही तुम्हीच ठरवून द्या. पावडर विजेच्या भाराने चिकटते आणि त्यासाठी जॉबला हुकातून अर्थिंग मिळावं लागतं. हुक टेपवर टेकला तर अर्थिंग तुटतं आणि पावडर पातळ बसते. आटे असलेल्या भोकात एक लांब बोल्ट घट्ट बसवून द्या, त्यालाच टांगता येतं. तिथे नाही तरी रंग नको असतो.

आता प्लांटवाल्याशी बोलायचं. पहिलं, पत्र्याची सात टाक्यांची प्रक्रिया लोखंडासाठी असते: ग्रीस काढणं, पाणी, गंज काढायचं अ‍ॅसिड, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. अलॉय त्यात सरसकट बुडवू नये. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळं कन्व्हर्जन कोटिंग, म्हणजे पावडर धरायला मदत करणारा रासायनिक थर, असतं. ते नसेल तर ताज्या ब्लास्टवर सॉल्व्हंटने पुसून सरळ पावडर घ्यावी. दुसरं, पॅनेल घरात राहतात म्हणून त्यांना बहुधा इपॉक्सी-पॉलिस्टर मिश्र पावडर मारतात. ती उन्हात वर्षभरात खडूसारखी पांढुरकी पडते. चाकाला प्युअर पॉलिस्टर हवी, हे शब्द वापरूनच मागा. नाहीतर प्लांटमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल तो मिळेल, आणि आमच्याकडे बाराही महिने रंगांच्या आरएएल यादीतला ७०३२, म्हणजे सिमेन्स ग्रे चालू असतो. राखाडी चाकं हवी असतील तर गोष्ट वेगळी.

तिसरं, प्री-बेक. कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं असतात, त्यांत हवा आणि वर्षानुवर्षांचं तेल असतं. पावडर वितळत असताना ते बाहेर पडलं की बुडबुडे येतात. म्हणून रंगाआधी रिकामं चाक ओव्हनमध्ये अर्धा तास तापवून घ्यायचं, कोटिंगच्या तापमानापेक्षा किंचित जास्त. बाहेर आल्यावर काळपट डाग दिसले तर ते तेल आहे, पुसून किंवा ब्लास्ट करून परत घ्या. टेप लावायची ती याच्यानंतर. हीट ट्रीटमेंट दिलेलं अलॉय विनाकारण भाजत राहिलं की मऊ पडतं, म्हणून १८० अंशांत पिकणारी पावडर मागा आणि २०० च्या वर जाऊ नका. चौथं, वेळ. हब जाड असतो, पत्र्यापेक्षा उशिरा तापतो. वेळ मोजायची ती धातू १८० ला पोचल्यापासून, ओव्हनचा काटा पोचल्यापासून नाही.

हे सगळं तोंडी सांगितलंत तर गेटवरचा माणूस मान डोलावेल आणि पुढे कुणाला कळणार नाही. चिठ्ठी लिहा, चाकाला तारेने बांधा, आणि चलनावरही तेच लिहून घ्या. मला आवडेल अशी चिठ्ठी:

"अलॉय व्हील, पुढचं १, मागचं १. अ‍ॅल्युमिनियम आहे, अ‍ॅसिडच्या टाकीत टाकू नये. प्री-बेक झाल्याशिवाय पावडर मारू नये. टेप लावलेली जागा कोरी हवी, पावडर पिकेपर्यंत टेप काढू नये. टांगायला बोल्ट दिला आहे. प्युअर पॉलिस्टर, आरएएल ९००५ (काळा) मॅट. धातू १८० अंश, त्यानंतर १५ मिनिटं. टेप कोमट असताना काढावी."

प्री-बेकही प्लांटवरच होणार असेल तर टेप सोबत द्या आणि चिठ्ठीत टेपच्या ओळीऐवजी कुठे कुठे लावायची ते लिहा. वेळेचा आकडा पावडरीच्या डब्यावर वेगळा असेल तर डब्यावरचा खरा.

चाक परत मिळालं की आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला थिनरच्या बोळ्याने थोडं घासा. बोळ्याला रंग भरपूर लागला आणि जागा चिकट झाली तर पावडर पिकलेली नाही, परत ओव्हनमध्ये जायला हवी. बेअरिंगच्या घराच्या कडेला पावडरीची बारीक कोर राहिली असेल तर ब्लेडने आतून बाहेर नाही, बाहेरून आत कापा, म्हणजे दिसणारा रंग उचकटत नाही.

बसवताना नवी बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब हलका गरम करा, बहुतेक वेळा हाताच्या दाबाने निम्मी आत जातात. ठोकायचं ते बाहेरच्या रिंगवरच, जुन्या बेअरिंगचा आधार घेऊन. एका बाजूचं तळापर्यंत, मग स्पेसर, मग दुसऱ्या बाजूचं स्पेसरला टेकेपर्यंत. त्यापुढे ठोकलं तर दोन्ही बेअरिंगांवर आडवा ताण येतो आणि चाक जड फिरतं. कोणती बाजू आधी ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. डिस्कचे नवे बोल्ट थ्रेडलॉकर लावून, टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आळीपाळीने. टायर चढवताना पंक्चरवाल्याला मशीनच्या जबड्यावर प्लास्टिकची टोपी लावायला सांगा आणि तो लावेपर्यंत तिथून हलू नका. नवा व्हॉल्व, बीडला साबणाचं पाणी, हवा भरली की कडेने सगळीकडे फेस लावून बुडबुडे बघायचे. बॅलन्सिंगची वजनं चिकटवायची घ्या, ठोकून बसवायची नकोत. शंभरेक किलोमीटर झाले की डिस्कचे आणि स्प्रॉकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासून घ्या.